कासारवडवलीच्या घरासाठी जुनी गाडी: फोर्ड ॲस्पायर घ्यावी की होंडा सिटी?

प्रश्न: आम्ही घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो. माझे पती सोमवार, बुधवार आणि गुरुवार असे तीन दिवस ऐरोलीच्या कार्यालयात जातात. सासऱ्यांचे मंगळवारी आणि शुक्रवारी माजिवड्याजवळच्या रुग्णालयात डायलिसिस असते आणि त्यांना मीच घेऊन जाते. आतापर्यंत रिक्षा आणि कॅबवर भागवले, पण परतताना ते इतके गळून गेलेले असतात की आता स्वतःची गाडी हवीच. दोन जुन्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २०१८ ची फोर्ड ॲस्पायर, डिझेल, साध्या गिअरची, सव्वाचार लाखांना. दुसरी २०१८ चीच होंडा सिटी, पेट्रोल, ऑटोमॅटिक, पावणेसात लाखांना. पतींच्या मनात फोर्ड भरली आहे, कारण तिचा दरवाजा भारदस्त लागतो आणि रस्त्यावर ती घट्ट वाटते. न्यू जर्सीतले माझे दीर मात्र सांगतात, की अमेरिकन गाडीच्या वाटेला जाऊ नका, मी बारा वर्षे टोयोटा कॅमरी चालवतो आहे. गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची आहे, ओळखीचा मेकॅनिक नाही आणि अडीच लाखांचा फरक आम्हाला लहान नाही. काय करावे?
एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर: तुमच्या घरासाठी होंडा सिटी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती पावणेसात लाखांना घेऊ नका आणि पुढे सांगितलेल्या गोष्टी तपासल्याशिवाय विसार देऊ नका. या मताला मी ज्या वाटेने आलो, ती तुमच्या दिरांच्या वाटेहून वेगळी आहे. ती समजली, तर उद्या सिटीचा व्यवहार फिसकटला तरी तिसरी गाडी तुम्हाला स्वतःच्या विचाराने निवडता येईल.

दिरांचे म्हणणे त्यांच्या गावी खरे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत पेट्रोल महागले, तेव्हा तिथल्या मोठ्या, तहानलेल्या गाड्यांपुढे जपानी लहान गाड्या लोकांना परवडू लागल्या, आणि त्या फारशा बिघडतही नाहीत हे पुढे अनुभवातून कळत गेले. होंडाने १९८२ मध्ये ओहायोतील मेरिसव्हिल येथे अकॉर्ड बनवायला सुरुवात केली आणि टोयोटाची कॅमरी १९८८ पासून केंटकीतील जॉर्जटाउन येथे बनते आहे. दिरांची जपानी गाडी बहुधा अमेरिकन कामगारांच्याच हातची असेल. याउलट, तिच्याशी स्पर्धा करणारी फोर्डची फ्यूजन ही मध्यम आकाराची सेदान मेक्सिकोतील एर्मोसियो येथे बनत असे. गाडीचा देश बोनेटवरच्या चिन्हावरून ठरवायचा की कारखान्यावरून, हा प्रश्न तिथेच अवघड होऊन बसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा कारखाना आहे. तो जनरल मोटर्सचा होता, तिथे गैरहजेरी आणि भांडणे नेहमीची होती, आणि १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. दोन वर्षांनी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी भागीदारीत तो पुन्हा उघडला. कामगार बहुतांश तेच आणि संघटनाही तीच होती; व्यवस्थापनाची पद्धत तेवढी टोयोटाची आली. काही कामगारांना शिकण्यासाठी जपानला पाठवले गेले आणि दोष दिसताक्षणी दोरी ओढून गाड्या जुळवण्याची अख्खी ओळ थांबवण्याचा अधिकार साध्या कामगाराला मिळाला. थोड्याच काळात त्याच माणसांच्या हातून उत्तम दर्जाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. तिथे एकाच छताखाली टोयोटा कोरोला आणि तिचीच बहीण असलेली, पण अमेरिकन नावाने विकली जाणारी प्रिझम अशा दोन्ही गाड्या बनत, तरी जुन्या बाजारात प्रिझमला कोरोलापेक्षा कमी भाव मिळे. आपल्याकडे मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लॅन्झा यांचे नाते साधारण असेच आहे. विश्वासार्हता कामाच्या शिस्तीतून येते आणि बाजारभाव पुष्कळदा नावावरून ठरतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की खरेदीदाराचे बरेच पैसे वाचतात.

ही शिस्त सगळ्या जपानी गाड्यांच्या प्रत्येक भागात सारखी उतरली, असेही समजू नये. निसानच्या अल्टिमा आणि सेंट्रा या गाड्यांच्या सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवरून अमेरिकेत ग्राहकांनी दावे लावले, आणि फोर्डच्या फोकस व फिएस्टा या गाड्यांच्या दुहेरी क्लचच्या पॉवरशिफ्ट गिअरबॉक्सवरूनही लावले. दोष देशाचा नव्हता. एका विशिष्ट गिअरबॉक्सचा होता. म्हणून गाडी जपानी की अमेरिकन हे विचारण्याआधी तिच्यात कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स आहे ते विचारावे. तुम्ही पाहिलेली ॲस्पायर साध्या गिअरची डिझेल आहे, आणि फोर्डचे हे दीड लिटरचे, १०० अश्वशक्तीचे इंजिन खरोखर चांगले आहे. तुमच्या पतींची पारख चुकलेली नाही, हे मी मनापासून लिहितो. ते स्टिअरिंग आणि तो पिकअप या किमतीच्या फार थोड्या गाड्यांत मिळतो, आणि गणपतीला पाच माणसे व भरलेली डिकी घेऊन कोकणात उतरताना त्याचे मोल कळते.

तरीही मी फोर्डच्या विरोधात जातो, याचे कारण पाठबळ. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात शेवरोले गाड्यांची विक्री थांबवली. त्यांचा आपल्या तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीपर्यंत निर्यातीसाठी चालला आणि नंतर ह्युंदाईकडे गेला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, आणि जिथे ॲस्पायर बनत असे तो साणंदचा कारखाना आता टाटांकडे आहे. जुन्या ग्राहकांना सेवा आणि सुटे भाग मिळत राहतील असे फोर्डने जाताना सांगितले, आणि नेहमीचे भाग, म्हणजे फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, हे आजही मिळतात. अडचण येते ती क्वचित लागणाऱ्या भागांची: मागचा दिवा, दरवाजाचा पत्रा, एखादा सेन्सर, एखादे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट. अमेरिकेतही आता अमेरिकन कंपन्यांच्या लहान आणि मध्यम सेदान जवळजवळ संपल्या आहेत. फोर्डने २०१८ मध्येच त्या बंद करण्याचे ठरवले, शेवरोले क्रूझ २०१९ मध्ये थांबली, फ्यूजन २०२० मध्ये आणि शेवरोले मालिबू २०२४ मध्ये. त्यामुळे दिरांना आज कॅमरीसारखी नवी पेट्रोल सेदान घ्यायची झाली, तर तिथेही बहुधा जपानी किंवा कोरियन कंपनीचे दार ठोठवावे लागेल.

हे मी स्वतः भोगले आहे. आमच्या घरी एकेकाळी अशी गाडी होती जिची कंपनी देश सोडून गेली. ती जपानीही नव्हती आणि अमेरिकनही नव्हती. गाडीत काही वाईट नव्हते. पण एका पावसाळ्यात तिचा एक साधा भाग गेला आणि तो मिळेपर्यंत पावणेदोन महिने ती इमारतीखाली उभी राहिली. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावरच्या जुन्या भागांच्या दुकानांतून तो निघाला. त्या पावणेदोन महिन्यांत आमचे काही अडले नाही, कारण आमच्या घरातून कोणाला मंगळवारी आणि शुक्रवारी ठरल्या वेळी रुग्णालय गाठायचे नव्हते. तुमच्या घरी तसे आहे. डायलिसिसची पाळी पुढे ढकलता येत नाही, आणि गाडी घेण्याचा तुमचा मूळ हेतूच तो आहे.

आता पैशांचा हिशेब करू, कारण तिथे फोर्डची बाजू जड आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऐरोलीचे तीन दिवस, रुग्णालयाचे दोन दिवस आणि किरकोळ फिरणे मिळून तुमचे रनिंग महिन्याला ७५० किलोमीटरच्या आसपास होईल. घोडबंदरच्या वाहतुकीत सिटी ऑटोमॅटिक लिटरला ११ आणि ॲस्पायर डिझेल १६ ॲव्हरेज देईल असे धरू. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. मग पेट्रोलचा मासिक खर्च ७,१०० रुपयांच्या घरात जातो आणि डिझेलचा ४,२०० च्या घरात. वर्षाला सुमारे ३४ हजार आणि पाच वर्षांत १ लाख ७० हजार रुपये फोर्ड वाचवते, आणि खरेदीतले अडीच लाख वेगळे. त्यातून डिझेलची जास्त खर्चाची देखभाल वजा करावी लागेल. ॲस्पायरच्या या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, आणि इंजेक्टरचे काम निघाले तर ते स्वस्त नसते. पाच वर्षांनी विकताना सिटीला गिऱ्हाईक मिळेल. ॲस्पायरला मिळेलच असे नाही. शिवाय मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. ठाणे त्या प्रदेशात येते, आणि असा विषय निघाला की जुन्या डिझेल गाडीचा भाव आधी घसरतो. एवढे सगळे धरूनही नुसत्या रुपयांत फोर्ड थोडी स्वस्तच पडेल. सिटीसाठी जास्त मोजलेल्या पैशांत तुम्ही दर आठवड्याचे ते दोन दिवस निश्चिंत करून घेता. तुमच्या जागी मी असतो, तर ते पैसे दिले असते.

दुसरे कारण तुमच्या स्वतःच्या पायांचे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी गाडी तुम्हीच चालवणार. मेट्रोच्या कामामुळे अरुंद झालेल्या रस्त्यावर, मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत रांगत जाताना, शेजारी थकलेला माणूस बसलेला असताना क्लच दाबण्या-सोडण्याचे काम डोक्यावर नसणे फार उपयोगाचे आहे. होंडाचा सीव्हीटी गिअरबॉक्स भरधाव जाताना मजा देत नाही, इंजिन ओरडते आणि वेग मागाहून येतो, पण रांगत्या वाहतुकीत तो झटके देत नाही, आणि डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला झटकेच नको असतात.

दरवाजाच्या आवाजाबद्दल थोडे सांगतो, कारण या एका आवाजावर आपल्याकडे किती तरी गाड्या विकल्या जातात. भारदस्त आवाज हा बराचसा रबराच्या पट्ट्या, कुलूप आणि दरवाजाची घडण यांतून येतो. धडकेत आतला माणूस वाचेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. २०१४ मध्ये गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांची पहिली चाचणी केली, तेव्हा एअरबॅग नसलेल्या फोर्ड फिगोला शून्य तारे मिळाले, आणि मारुती अल्टोलाही शून्यच मिळाले. पुढे २०१७ मध्ये दोन एअरबॅग असलेल्या ॲस्पायरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी तीन तारे मिळाले, आणि तुम्ही पाहिलेल्या पिढीच्या सिटीला नंतर चार मिळाले. २०१८ मध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांची आजच्यासारखी सक्ती नव्हती, म्हणून कोणतीही गाडी असो, ते नेमके कोणते मॉडेल आहे आणि त्यात काय बसवलेले आहे ते डोळ्यांनी पाहा. मागच्या आसनावरचे पट्टेही ओढून पाहा, कारण सासरे तिथे बसण्याचा संभव आहे.

सिटीतही दोष आहेत. ऑगस्ट २०१७ ते जून २०१८ या काळात बनलेल्या ९० हजारांहून अधिक गाड्या होंडाने २०२४ मध्ये इंधन पंप बदलण्यासाठी परत बोलावल्या. बिघडलेल्या पंपामुळे चालती गाडी बंद पडण्याची शक्यता होती, आणि २०१८ ची सिटी नेमकी त्यात असू शकते. हे काम होंडा फुकट करून देते. गाडीचा चासी क्रमांक होंडाच्या संकेतस्थळावर टाकला की पंप बदलायचा राहिला आहे का ते कळते; राहिला असेल, तर विक्रेत्याने तो आधी बदलून आणावा, मगच तुम्ही पैसे द्यावेत. सीव्हीटीचे तेल वेळेवर बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या बिलांत शोधा. ती नसेल तर माझा सल्ला मागे घेतला असे समजा. सिटी जमिनीला जवळ आहे, त्यामुळे पाच माणसे बसल्यावर काही सोसायट्यांच्या स्पीडब्रेकरवर ती घासते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची काळजी मात्र तिच्याबाबत कमी आहे, कारण २००९ पासूनच्या आपल्या गाड्यांचे भाग त्याला चालतात असे होंडाने सांगितले आहे.

तुमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल, तर सौद्याच्याही आधी फूटपट्टी काढा. ॲस्पायर चार मीटरच्या आतली आहे. सिटी जवळपास ४ मीटर ४४ सेंटिमीटर लांब आहे.

फोर्ड घ्यावी असे मी कोणाला सांगेन? रोज ऐंशी-नव्वद किलोमीटर महामार्गावर जाणाऱ्या, गाडी दोन-तीन वर्षेच ठेवणाऱ्या, घरात दुसरी गाडी असलेल्या आणि फोर्ड उघडून बसवू शकणारा मेकॅनिक ओळखीचा असलेल्या माणसाला. अशा माणसाने सव्वाचार लाखांची ॲस्पायर घासाघीस करून पावणेचारला आणावी आणि आनंदाने चालवावी. तुमच्या पत्रातले वर्णन याच्या जवळजवळ उलट आहे.

पावणेसात लाख ही सिटीची मागितलेली किंमत आहे. ती खाली आणण्यासाठी टायर, बॅटरी, विम्याचे उरलेले महिने आणि सर्व्हिसच्या बिलांतील खंड, एवढी चार कारणे पुरतात. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा स्वतंत्र तपासनिसाकडून उचलून पाहून घ्या. त्याला लागणारे दोन-तीन हजार रुपये वाचवू नका. ठाणे आणि नवी मुंबईत पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन विकायला येतात, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहा आणि पायाखालचा गालिचा उचलून वास घ्या. विमा घेताना पाण्याने इंजिन बिघडल्यास भरपाई देणारे जोडकलम घ्या. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल, तर फॉर्म ३५ सह तो उतरवून घ्या. नाव बदलण्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३० विक्रेत्याच्या सहीने पैसे देतानाच ताब्यात ठेवा, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही बघा. पासिंग ठाण्याचे एमएच ०४ आहे की वाशीचे एमएच ४३, याने गाडीच्या गुणात फरक पडत नाही. त्यापायी कोणी भाव वाढवत असेल तर ऐकू नका.

एक परीक्षा मात्र कोणताही तपासनीस तुमच्यासाठी घेऊ शकणार नाही. गाडी पाहायला पुन्हा जाल तेव्हा सासऱ्यांना बरोबर न्या, शक्यतो शुक्रवारी डायलिसिस झाल्यावर, जेव्हा त्यांच्या अंगात सर्वांत कमी त्राण असते. सिटीचे आसन खाली आहे. ते पुढच्या आसनावर आणि मागच्या आसनावर स्वतः बसतात का, आणि कोणाच्या हाताशिवाय उठतात का ते शांतपणे पाहा. पतींनाही त्या वेळी सोबत असू द्या. उठायला त्रास होत असेल, तर सिटीचा विचार सोडा आणि त्याच सुमाराची होंडाची जॅझ शोधा. तिचे आसन उंच आहे, लांबी चार मीटरच्या आत आहे, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सिटीसारखाच सीव्हीटी आहे, आणि ती तुमच्या अडीच लाखांच्या फरकातले बरेचसे पैसे परतही देईल. फक्त इंधन पंपाची चौकशी तिच्याबाबतही तशीच करा.